वहिनीने काढलेल्या पाठी

वहिनी, दहाव्याला माझ्या तोंडून एक चूक झाली. मीच सांगून टाकतो, नाहीतर पुढेमागे आई तुला भेटली की तिच्या पद्धतीने सांगेल.

गाढी नदीच्या काठी पिंड ठेवला होता. झाडावर कावळे भरपूर, पण खाली एक येईना. निखिलने हात जोडून सांगितलं, "मम्मी, मी नीट राहीन, वेळेवर जेवीन." कावळे ढिम्म. तुझ्या भावाने सांगितलं, "निखिलचं लग्न आम्ही लावून देऊ." एकाने मान फिरवली, बस. कुणीतरी तुझ्या आवडीचा आल्याचा चहा कपात ओतून ठेवला, बाजूला खारी ठेवली. तरी नाही. ऊन चढत चाललं, गुरुजी घड्याळाकडे बघायला लागले आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मला म्हणायचं होतं, 'तुझं कॉलेजचं जे काही राहिलंय ते मी बघतो.' म्हणजे तिथली चित्रं घरी आणायची, कपाटाची किल्ली परत करायची, असलं काहीतरी. पण सगळे माझ्याकडे बघायला लागले की माझी वाक्यं आखूड होतात. मी म्हटलं, "वहिनी, तुझं एमएफए मी पूर्ण करतो."

वाक्य संपायच्या आत कावळा उतरला.

मग मागे कुणीतरी फस्सकन हसलं आणि तो खोकला होता असं दाखवलं. गुरुजी म्हणाले, "झालं. आता मागे वळून न बघता चला."

घरी पोचेपर्यंत बातमी आईपर्यंत गेली होती. ती दारातच बसलेली. "कावल्यानं आयकलंय," म्हणाली. "आता तुला जावं लागंल. तिथं काय शिकवतान ते मना नाय माहीत. पण शब्द फिरवलास तं ती अडकून राहील."

"आई, अगं, ते चित्रकलेचं मास्टर्स हाय. मला साधा आंबा काढता येत नाय."

"मंग बोललास कशाला?"

नंदा आत भांडी पुसत होती. एरवी माझी अशी फजिती झाली की माझी बायको आठवडाभर त्यावर जगते. पण या वेळी ती भांडीच पुसत राहिली. तू गेल्यापासून ती कमीच बोलते.

आंब्याचं मी उगाच म्हणत नाही. शाळेत मी काढलेला आंबा बघून बाई म्हणाल्या होत्या, "वांगं छान आलंय." माझा रंगाशी संबंध बादलीपुरता. पनवेलच्या बाजारात रंगाचं दुकान चालवणारा माणूस मी. रंग ढवळायला मला लाकडाची पट्टी लागते, आणि गिऱ्हाईक 'भिंतीला कुठला बरा दिसेल' म्हणालं की माझं उत्तर ठरलेलं, क्रीम. तू दुकानात आलीस की काउंटरवरचं शेडकार्ड उघडून बसायचीस आणि रंगांची नावं मोठ्याने वाचायचीस. "भावजी, हा म्हणे पहाटेचा केशरी. पहाटे कधी उठलेत का हे लोक?" गिऱ्हाइकं हसायची. मी धंदा बुडतो म्हणून ओरडायचो. आता शेडकार्ड काउंटरवर मिटलेलंच असतं.

तू लग्न होऊन आपल्या घरात आलीस ती चित्रकलेची पदवी घेऊनच. बाबांना त्याचं केवढं कौतुक! त्यांनी ती पदवी फ्रेम करून हॉलमध्ये लावली आणि तुला स्वयंपाकघर दाखवलं. त्यात कुणालाच काही चुकीचं वाटलं नाही. मलाही नाही, मी तेव्हा तुझ्या हातच्या कोळंबीच्या कालवणावर इतका खूष होतो की दादाने लग्न माझ्यासाठीच केलंय असं वाटायचं. मग वर्षं गेली. दादा गेला, निखिल बंगलोरला लागला, आणि एक दिवस तू जेवताना सहज सांगितलंस की मास्टर्सची प्रवेश परीक्षा देऊन आलेय.

मी म्हटलं, "या वयात? अगं, चित्र काढायचंय तर घरी काढ की. तुला अडवतंय कोण?"

"अडवत कुणीच नाही, भावजी," तू म्हणालीस. "तेच तर."

आमच्यात वहिनीला अहोजाहो नसतं, म्हणून मी तुला कायम 'तू' म्हटलं. आणि नात्याने मोठी असलेली तू मला मात्र शेवटपर्यंत 'भावजी, तुम्ही'. भांडताना याचा तुला फायदा व्हायचा. 'तुम्ही' म्हणून बोललेलं जास्त लागतं.

मुलाखतीला मीच सोडलं होतं. बाहेर आलीस ती हसत. समोर बसलेले तिघंही तुझ्याहून लहान. त्यांनी विचारलं, "पदवीनंतर इतकी वर्षं काय केलंत?" आणि तू सांगितलंस, "माणसं बघितली. मागून."

हे मला तेव्हा कळलं नव्हतं. चित्रं बघितली तेव्हा कळलं. विचुंब्याचं आपलं घर बांधलं तेव्हा हॉलमधला सोफा टीव्हीकडे तोंड करून ठेवला, आणि स्वयंपाकघराचा दरवाजा आला बरोबर सोफ्याच्या पाठीमागे. आम्ही सगळे टीव्हीकडे. तुम्ही दोघी जावा आतून आमच्याकडे. इतकी वर्षं तुम्हाला घरची माणसं दिसली ती पाठमोरी. कुणाला चहा हवाय, कुणाचं बिनसलंय, दुकानात कुणाशी वाजलंय, हे तू मान बघून ओळखायचीस. मी तोंड उघडायच्या आत मागून कप यायचा. मला वाटायचं, मनातलं ओळखते. मनातलं कसलं, मानेतलं.

एमएफएसाठी तू पाठीच काढल्यास, दुसरं काही नाही. आईची, निखिलची, दादाची आणि माझी. दादाची तर तो गेल्यावर, आठवणीतून. त्याचा डावा खांदा किंचित खाली असायचा, हे मी त्याचा सख्खा भाऊ असून तुझ्या चित्रात पहिल्यांदा पाहिलं. आणि माझ्या डोक्यावर मागे वाटीएवढं टक्कल पडलंय, ही बातमीही मला ललित कलेतूनच कळली.

"तोंड काढ की एखादं," मी किती वेळा म्हटलं. "लोक विचारतील, हा कोण म्हणून."

"तोंडाने तुम्ही तयार होऊन बसता," तू म्हणायचीस. "पाठ तयार होत नाही."

मी क्रिकेट बघत बसायचो आणि मागे दारात तुझी पेन्सिल कागदावर घासत असायची. तेव्हा सांगितलं नाही, आता सांगतो. तू काढत असलीस की माझ्या पाठीवर सकाळचं ऊन पडल्यासारखं वाटायचं. मी मुद्दाम कमी हलायचो. एकदा शेवटच्या षटकात सगळी आळी ओरडत होती आणि मी आपला दगडासारखा. तू म्हणालीस, "भावजी, ओरडा हो, चालेल." मी म्हटलं, "मला कुठे कळलं तू काढतेयस ते." खोटं बोललो.

ते चित्र कॉलेजात न्यायचं होतं, आठवतं? तू म्हणत होतीस टेम्पो बोलवू. मी म्हटलं, एवढ्याशा फडक्याला टेम्पो? तुला स्कूटरवर मागे बसवलं आणि ते तुझ्या-माझ्या मध्ये आडवं धरायला लावलं. खाडीपुलावर आलो आणि वारा भरला. स्कूटर आपली आपण डावीकडे निघाली. मी ओरडतोय, "तिरकं धर, तिरकं धर!" तू ओरडतेयस, "तुमचीच पाठ आहे, तीच ऐकत नाही!" पूल संपल्यावर पोलिसाने थांबवलं.

"हे काय?"

"चित्र आहे, साहेब," मी म्हटलं.

"कुणाचं?"

तू माझ्याकडे बोट दाखवलंस. "हे पुढे बसलेत ना, त्यांचं."

तो पोलीस, वहिनी, शांतपणे माझ्या मागे गेला. एकदा चित्राकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. पुन्हा चित्राकडे. मग म्हणाला, "मानेजवळ जमलंय. जा. हळू चालवा."

तू दिवसभर तेच सांगत होतीस. कॉलेजात, फोनवर निखिलला, रात्री जेवताना नंदाला. "पोलीस मागे जाऊन बघून आला!" मला वाटायचं, त्याने दंड केला नाही याचा आनंद आहे.

तुझं आणि माझं खरं भांडण 'छान' या शब्दावरून होतं. ते मिटलंच नाही. तू चित्र दाखवायचीस, मी म्हणायचो, "छान." तुझा चेहरा पडायचा. दुसऱ्या चित्राला मी म्हणायचो, "खूप छान." आणखी पडायचा.

एकदा तुमच्या वर्गात चित्रावर चर्चा होती आणि चित्र उचलायला मी आलो होतो, म्हणून कोपऱ्यात स्टुलावर बसलो. तुझं चित्र भिंतीला लावलं, आणि ती सगळी पोरं त्याच्यापुढे नुसती उभी. कुणी बोलेना. आपल्याकडे एवढा वेळ शांतता फक्त मयताला असते. मग ती जांभळ्या केसांची मुलगी म्हणाली, "काकू, हा उजवीकडचा रिकामा भाग मला त्रास देतोय. तो अजून ठरलेला नाहीये." माझं डोकंच फिरलं. मी उठून म्हटलं, "ए बाय, तुझ्या आईच्या वयाची आहे ती! जरा बघून बोल!"

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. तू अगदी गोड आवाजात म्हणालीस, "भावजी, खाली चहा चांगला मिळतो."

मी खाली जाऊन चहा प्यायलो. येताना मला वाटलं तू रडत असशील. तर तू स्कूटरवर मागे गाणं गुणगुणत होतीस.

"राग नाही आला?"

"भावजी, ती तासभर बघत होती. तुम्हाला कळतंय का? तासभर माझं काम कुणीतरी बघत होतं. घरी मी ताट वाढलं तर छान, पडदे लावले तर छान, चित्र काढलं तरी छान. छान म्हटलं की माणूस मोकळा होतो आणि टीव्हीकडे वळतो."

"मग काय, वाईट म्हणू?"

"काही म्हणू नका. बघा."

यावर माझ्याकडे एक जोरदार मुद्दा होता. सिग्नल सुटला आणि तो राहिला. नंतर आठवेना. आता आठवला असता तरी सांगायचा कुणाला? सोफ्यावर बसलेला असताना अजूनही जाहिरात लागली की मी अर्धवट वळून काहीतरी बोलायला जातो. मागे दार असतं. आत नंदा असते, पण नळाच्या आवाजात तिला ऐकू येत नाही, किंवा येतं. स्कूटरवर एकटा असलो तरी मी पुढे सरकून बसतो, मागे चित्राला जागा राहावी म्हणून. दुकानातला माणूस म्हणाला, "शेठ, हँडलवर चढून बसताय काय?" मी मागे सरकलो. घरी येईपर्यंत पुन्हा पुढे.

तर कावळ्याला दिलेला शब्द. आई रोज विचारायची, "गेलास का?" शेवटी तुझ्या सरांना फोन केला आणि झालं ते सगळं सांगितलं, कावळ्यासकट. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "पदवी तर आता देता येणार नाही. पण परीक्षेच्या दिवशी प्रत्येक जण आपल्या चित्रांपुढे उभा राहून बोलतो, बाहेरचे परीक्षक ऐकतात. वर्गाने काकूंची भिंत मोकळी ठेवलीय, चित्रं लावणार आहेत. पण त्यांच्यापुढे कुणीच उभं नसेल, तर ते आम्हाला बघवणार नाही. तुम्ही याल?"

मी हो म्हटलं आणि झोप उडाली. परीक्षेची भीती नव्हती, नापास व्हायची मला सवय आहे. भीती एकच होती. मी तिथे त त प प करणार, मोठी माणसं कंटाळणार, आणि तुझ्या भिंतीसमोरून 'छान' म्हणून पुढे निघून जाणार. एवढी धडपड करून तू जिथून सुटलीस, तिथेच मी तुला परत नेऊन बसवणार. दुकानात बादल्यांपुढे उभा राहून सराव केला. "या चित्रातला अवकाश," असं सुरू केलं, तर मागून गिऱ्हाईक म्हणालं, "अवकाश नको, पांढरा द्या, एक लिटर."

परीक्षेला नंदाही आली. मी नको म्हणत होतो, तिने साडी आधीच काढून ठेवली होती. मी निखिलच्या मुंजीतला सदरा घातला. पोटावर जरा ताणत होता, पण पाठीमागून बरा दिसतो असं नंदा म्हणाली. तुझी भिंत खिडकीजवळ होती. परीक्षक दोघं, एक वयस्क बाई आणि एक दाढीवाले. सर, आणि मागे तुझा सगळा वर्ग.

पाठ केलेलं सगळं विसरलो. मग मला जे येतं तेच केलं, वहिनी. घरच्या गोष्टी सांगितल्या. "हा आमचा दादा," म्हटलं. "याचा खांदा बघा. हा लहानपणापासून मला त्याच खांद्यावर घ्यायचा, तो पडला असेल तर माझ्यामुळे." आईची पाठ दाखवली, दारात बसलेली. "ही अशी बसली की समजायचं, आत कुणालातरी ऐकवायचंय." निखिल बॅग घेऊन निघालेला. "हा वळून बघणार होता. आम्ही सगळे वाट बघत होतो. हिने तो वळायच्या आधीचा काढलाय." आणि मग मी. मी माझ्या चित्रापुढे पाठ करून उभा राहिलो आणि म्हटलं, "मानेजवळ जमलंय की नाही बघा." तुझा वर्ग हसला. परीक्षक बाई नाही हसल्या. त्या माझ्या मागे आल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या, एकदा चित्राकडे, एकदा माझ्याकडे. त्या जांभळ्या केसांच्या मुलीने डोळे पुसले. कुणीही 'छान' म्हटलं नाही. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

एक चित्र राहिलं होतं, शेवटचं, तुझ्या हातून अर्धवट राहिलेलं. ते मी आधी पाहिलं नव्हतं, तू कॉलेजातच ठेवलं होतंस. पाटावर बसलेली एक बाई. मान खाली, ओले केस नुसते गुंडाळून वर बांधलेले, ब्लाउज एका खांद्यावरून जरा सरकलेला, मानेखाली दोन तीळ. भोवतीचं सगळं कोरं. पण ती पाठ पुरी झाली होती. इतकी निवांत पाठ मी कधी पाहिली नव्हती. जणू तिला माहीत आहे की मागे कुणीतरी आहे आणि घाई नाही.

"आणि या कोण?" परीक्षक बाईंनी विचारलं.

मी घाई केली नाही. तुझ्या पद्धतीने बघितलं, पुढून, बाजूने, जरा मागे जाऊन. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ही आमच्यातली नाही. कॉलेजने बसवलेली मॉडेल असेल. आमच्या घरात इतकं निवांत कुणी बसत नाही."

बाईंनी मान हलवली, चित्राकडे पुन्हा पाहिलं, आणि सरांशी हलक्या आवाजात काहीतरी बोलल्या. सर माझा हात दाबून म्हणाले, "काकूंचं काम आज नीट बघितलं गेलं." नंदा तेवढ्यात पाणी प्यायला म्हणून बाहेर गेली.

मी पास झालो असं मला वाटलं, वहिनी. खरंच वाटलं. चित्रं टेम्पोत चढवली, या वेळी टेम्पोच केला. आईला फोन करून सांगितलं, "झालं तिचं पुरं." आई म्हणाली, "बरा झाला. आता ती सुटली." टेम्पोवाल्याच्या शेजारी आम्ही दोघं बसलो. खाडीपूल गेला, मी बोलतच होतो. मी काय म्हणालो, बाई काय म्हणाल्या, दाढीवाल्याने कशी मान हलवली. नंदा समोर बघत होती. विचुंब्याच्या वळणाला टेम्पो थांबला, समोरून म्हशी चालल्या होत्या, आणि तेव्हा ती बोलली.

"ती मॉडेल नव्हती. ती मी आहे. तुम्ही दुपारी दुकानात गेलात की ताई मला ओट्याखाली पाटावर बसवायच्या. मी कोळंबी सोलायची, त्या कागदावर काढायच्या, रंगवायच्या कॉलेजात. मानेखाली तीळ आहेत हे मला त्यांनीच सांगितलं. परीक्षेला चित्रं उचलायला तुम्ही जाणार, तेव्हा तुम्ही ओळखता की नाही, यावर आमची पैज लागली होती. ताई म्हणाल्या, वेळ लावतील, पण ओळखतील. मी म्हटलं, नाही ओळखणार." म्हशी गेल्या, टेम्पो हलला. "पैज मी जिंकले. आता सांगू कुणाला?"